प्रत कोरी, तरी चेकसम बरोबर

झेडएफएस ही फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) वापरणाऱ्या माणसाच्या बोलण्यात एक निर्धास्तपणा असतो आणि तो बहुतांशी रास्तही आहे. डिस्कवर जाणाऱ्या प्रत्येक ब्लॉकचा (डेटाच्या तुकड्याचा) चेकसम, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, त्या ब्लॉकच्या शेजारी न ठेवता त्याचा पत्ता सांगणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवला जातो, वाचताना तो पडताळला जातो, आणि मिरर, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर, असेल तर बिघडलेला ब्लॉक दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या ब्लॉकवरून तिथल्या तिथे दुरुस्त होतो. महिन्याकाठी एकदा स्क्रब, म्हणजे सगळ्या ब्लॉकांची पडताळणी, चालवला, शेवटी शून्य चुका असा निकाल आला, की आपला डेटा सुरक्षित आहे असे मानायला हरकत नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओपनझेडएफएसच्या (झेडएफएसच्या मुक्तस्रोत रूपाच्या) डेव्हलपरांमध्ये फाइलींच्या प्रती कोऱ्या निघण्याविषयी जी चर्चा झाली, तिने या खात्रीची हद्द नेमकी कुठे संपते ते दाखवले. फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टम वापरणाऱ्या प्रत्येकाने ती चर्चा समजून घ्यायला हवी असे मला वाटते. मराठीत तिच्याविषयी कुठे वाचनात आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात फ्रीबीएसडीवर झाली नाही, जेंटू लिनक्सवर झाली. जेंटूमध्ये बहुतेक सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या यंत्रावरच कंपाइल होते, म्हणजे मूळ कोडपासून तयार होते. गो या प्रोग्रामिंग भाषेचे पॅकेज बसवताना काहींना असे आढळले, की बसवलेल्या फाइलींपैकी काहींचा आकार अगदी बरोबर आहे, पण आत ठिकठिकाणी नुसती शून्ये आहेत. अशी फाइल हेक्सडंपमधून (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या आज्ञेतून) पाहिली तर शून्यांची एक ओळ दिसते, तिच्याखाली एकटे तारांकित चिन्ह दिसते, म्हणजे पुढच्या सगळ्या ओळी हुबेहूब तशाच, आणि त्यानंतर एकदम फाइलच्या शेवटचा पत्ता. एलएस ही आज्ञा कित्येक मेगाबाइटचा आकार दाखवते आणि डीयू या आज्ञेला विचारले तर डिस्कवर जवळजवळ काहीच जागा गेलेली नसते. विशेष म्हणजे जिच्यावरून ही प्रत काढली ती मूळ फाइल धडधाकट असते.

संशय कोणावर गेला हे सांगायला नकोच. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी ओपनझेडएफएस २.२.० आले होते आणि त्यात ब्लॉक क्लोनिंग ही नवी सोय होती. या सोयीमुळे प्रत काढताना डेटा पुन्हा न लिहिता त्याच ब्लॉकांना दुसरा संदर्भ जोडता येतो. नवी सोय, प्रत काढण्याशी थेट संबंध, आणि बिघाडही प्रत काढतानाच, म्हणजे आरोपी हातात सापडल्यासारखाच होता. २१ नोव्हेंबरला २.२.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यात ब्लॉक क्लोनिंग बंद करण्यात आले. मला हा निर्णय आजही चुकीचा वाटत नाही, कारण डेटा बिघडत असताना आधी संशयिताला बाजूला करायचे आणि मग तपास करायचा हीच योग्य रीत आहे.

आम्हा फ्रीबीएसडीवाल्यांना त्या वेळी थोडे हायसेच वाटले होते. फ्रीबीएसडी १४.० ची घोषणा २० नोव्हेंबरला, म्हणजे या गदारोळातच झाली, पण तिच्यात ब्लॉक क्लोनिंग मुळातच बंद ठेवलेले होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते फ्रीबीएसडीच्या मुख्य विकास शाखेत प्रथम आले तेव्हा डेटा बिघडण्याचे वेगळे प्रकार घडले होते आणि त्यानंतर त्याला चालू-बंद करणारी कळ बसवून ती बंद स्थितीत ठेवली गेली. (ब्लॉक क्लोनिंग लिहिणारे पावेल याकुब दाविदेक यांनीच झेडएफएस प्रथम फ्रीबीएसडीवर आणले. २००८ च्या ७.० आवृत्तीत ते प्रायोगिक म्हणून आले होते.) आपल्याकडे कळ बंद आहे, तेव्हा हा लिनक्सवाल्यांचा प्रश्न, असा सूर काही दिवस तरी ऐकू येत होता.

तो सूर फार काळ टिकला नाही. चर्चेत कोणीतरी एक छोटी शेल स्क्रिप्ट मांडली. भरपूर फाइली तयार करायच्या, त्यांच्या लगोलग प्रती काढायच्या, हे सगळे अनेक प्रक्रियांमधून एकाच वेळी चालवायचे आणि शेवटी प्रत्येक प्रत मुळाशी ताडून पाहायची, इतकेच तिचे काम होते. लोकांनी ती आपापल्या यंत्रांवर चालवली आणि २.१ मालिकेवरही, म्हणजे ज्यात ब्लॉक क्लोनिंगचा कोडच नाही अशा आवृत्तीवरही, शून्यांनी भरलेल्या प्रती मिळू लागल्या. तिथे नव्या सोयीवरचा आरोप गळून पडला. माझ्या मते त्या संपूर्ण चर्चेतले सर्वांत मोलाचे योगदान ही स्क्रिप्ट होती. तोवर अनेक जाणकारांनी अनेक अंदाज मांडले होते, पण जुन्या आवृत्तीवर तोच बिघाड समोर दिसल्यावर अंदाजांना अर्थ उरला नाही.

आता मूळ दोषाकडे येऊ. तो समजायला थोडी पार्श्वभूमी लागते.

युनिक्समध्ये फाइलला भोके असू शकतात. एखाद्या प्रोग्रामने फाइलच्या सुरुवातीला थोडे लिहिले आणि मग एकदम एक गिगाबाइट पुढे जाऊन थोडे लिहिले, तर मधल्या भागासाठी डिस्कवर जागा दिली जात नाही आणि तो वाचला तर शून्ये मिळतात. अशी फाइल कॉपी करताना ती भोकेही शून्ये म्हणून लिहीत बसणे म्हणजे वेळ आणि जागा दोन्हींचा अपव्यय. म्हणून एलसीक या सिस्टम कॉलला (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टमला करायच्या विनंतीला) सीक-होल आणि सीक-डेटा असे दोन पर्याय दिले गेले. हे पर्याय प्रथम सोलारिस या युनिक्स सिस्टमवर झेडएफएसच्याच संगतीने आले, मग इतरत्र पसरले आणि आता ते पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीतही आहेत. पुढचा डेटा कुठून सुरू होतो, पुढचे भोक कुठून सुरू होते, असे प्रोग्रामने विचारायचे आणि फाइल सिस्टमने सांगायचे. यातली मेख अशी, की फाइल सिस्टमला खात्री नसेल तर तिने सगळी फाइल डेटाच आहे असे सांगणे नेहमीच ग्राह्य असते. त्याने प्रत काढायला थोडा उशीर होईल, बाकी नुकसान काही नाही. उलट दिशेची चूक, म्हणजे डेटा असलेल्या जागी भोक आहे असे सांगणे, मात्र घातक ठरते, कारण विचारणारा प्रोग्राम तो भाग वाचायलाही जात नाही.

झेडएफएस लिहिलेला डेटा लगेच डिस्कवर टाकत नाही. तो मेमरीत गोळा होतो आणि ट्रान्झॅक्शन ग्रुपच्या रूपाने एकत्रितपणे डिस्कवर जातो. विशेष भार नसेल तर या दोन फेऱ्यांमध्ये साधारण ५ सेकंदांचे अंतर असते. नुकत्याच तयार झालेल्या फाइलच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत डिस्कच्या दृष्टीने त्या फाइलमध्ये एकही ब्लॉक नसतो, अर्थात ती फाइल म्हणजे संपूर्ण भोकच असते. साधे वाचन केले तर झेडएफएस मेमरीतला ताजा डेटा देते, त्यामुळे तिथे गडबड होत नाही. भोकांची चौकशी मात्र ब्लॉकांच्या झाडावरून, म्हणजे डिस्कवर कोणते ब्लॉक कुठे आहेत त्या नकाशावरून, होते आणि ते झाड त्या क्षणी जुने असते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी झेडएफएस त्या फाइलचा डीनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) डर्टी आहे का, म्हणजे डिस्कवर न गेलेले बदल तिच्या नावावर बाकी आहेत का, हे तपासते. डर्टी असेल तर एक तर फेरी पूर्ण होईपर्यंत थांबायचे, नाहीतर भोक नाहीच असे सांगून मोकळे व्हायचे.

दोष होता तो या तपासणीत. डीनोड डर्टी असल्याच्या दोन खुणा असतात. एक, तो डर्टी डीनोडांच्या यादीत जोडलेला असणे; दुसरी, त्याच्याजवळ न लिहिलेल्या बदलांच्या नोंदी शिल्लक असणे. या दोन खुणा एकाच क्षणी लागत नाहीत आणि एकाच क्षणी पुसल्याही जात नाहीत. तपासणीचा कोड तोवर कधी पहिली खूण पाहत आला तर कधी दुसरी. दोन्ही पाहायला हव्यात हे नोव्हेंबर २०२३ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. कचेरीत दोन नोंदवह्या असाव्यात आणि खिडकीवरच्या कारकुनाने त्यांतली एकच चाळून तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही असे सांगावे, तसला हा प्रकार. अर्ज दुसऱ्या वहीत असतो, पण तुम्ही तोवर घरी निघालेले असता. त्या अत्यल्प फटीत कोणी भोकाची चौकशी केली, तर बाकी काही नाही असे समजून झेडएफएस जुन्या झाडावरून उत्तर देई: पुढे सगळे भोकच आहे. सीपी ही प्रत काढणारी आज्ञा त्या उत्तरावर विश्वास ठेवून तेवढ्याच आकाराची कोरी फाइल तयार करी आणि यश मिळाल्याचा कोड परत करी.

दुरुस्ती मोजक्या ओळींची निघाली: दोन्ही खुणा एकत्र तपासा. ३० नोव्हेंबरला ती २.२.२ आणि २.१.१४ या दोन्ही आवृत्त्यांमधून एकाच दिवशी आली. त्या बदलासोबतच्या कमिट संदेशात (बदलाचे कारण सांगणाऱ्या टिपणात) ही तपासणी दोन खुणांमध्ये कशी हेलकावत राहिली त्याचा इतिहास लिहिलेला आहे. कोडपेक्षा तो संदेश लांब आहे आणि तो तसाच असायला हवा होता, कारण पुढे कोणी सफाई करण्याच्या हेतूने त्यातली एक खूण पुन्हा काढून टाकू नये.

मग इतकी वर्षे हे कोणाला दिसले का नाही? दोष जुना होता हे खरे, पण त्या फटीत जाऊन प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या कोअरयुटिल्स या मूलभूत आज्ञांच्या संचाच्या ९.० आवृत्तीपासून लिनक्सवरची सीपी ही आज्ञा भोकांची चौकशी पूर्वीपेक्षा अधिक सरसकट करू लागली. फ्रीबीएसडीच्या बाजूला १३.० पासून कर्नलमध्ये (सिस्टमच्या गाभ्यात) कॉपी-फाइल-रेंज हा सिस्टम कॉल आला आणि त्याचा सर्वसाधारण मार्गही भोके जपण्यासाठी हेच दोन प्रश्न विचारतो. त्यात यंत्रांमध्ये प्रोसेसरचे कोअर वाढले, आणि एका प्रक्रियेने फाइल लिहून संपवताच दुसरीने ती उचलायची, अशी कामे रोजची झाली. कंपाइल करणे हे त्याचे उत्तम उदाहरण, म्हणूनच पहिला बळी जेंटूवर पडला. दोष कोडमध्ये आधी आला आणि तो उघडा पाडणारी सवय मागाहून आली, ही गोष्ट मला दोषापेक्षाही रंजक वाटते.

आणखी एक धागा इथेच जोडतो. २०२० च्या शेवटी आलेल्या ओपनझेडएफएस २.० पासून लिनक्स आणि फ्रीबीएसडी यांच्यासाठी झेडएफएसचा कोड एकच झाला, आणि फ्रीबीएसडीने तो एप्रिल २०२१ मध्ये १३.० मधून स्वीकारला. या एकीकरणावर तेव्हा आमच्यातल्या काहींनी नाके मुरडली होती. या प्रसंगात त्याच्या दोन्ही बाजू दिसल्या: जेंटूवर सापडलेला बग आमचाही होता, आणि त्यावर खपून शोधलेले उत्तरही आम्हाला आयते मिळाले. डिसेंबरच्या सुरुवातीला फ्रीबीएसडीची दुरुस्ती सूचना आली आणि १३.२ तसेच १४.० वापरणाऱ्यांना नेहमीच्या अपडेटमधून पॅच (दुरुस्तीचा कोड) मिळाला. नागपुरात तेव्हा हिवाळी अधिवेशनाच्या तयारीने सिव्हिल लाइन्सचे रस्ते धुऊन-पुसून निघत होते आणि मी ज्या छापखान्याचा सर्व्हर सांभाळतो तिथे निवेदने, पत्रके आणि फ्लेक्स यांची झुंबड उडालेली होती. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला मालकांनी जेमतेम चहापुरता वेळ दिला.

पॅच येण्यापूर्वीच्या दिवसांत एक तात्पुरता उपाय सुचवला जात होता. झेडएफएसच्या डीएमयू-ऑफसेट-नेक्स्ट-सिंक या सेटिंगचे मूल्य शून्य करायचे, म्हणजे फाइल डर्टी आढळल्यास फेरी होईपर्यंत न थांबता भोक नाही असे उत्तर दिले जाते. याने धोका बराच कमी होई, पण संपत नसे, कारण डर्टी आहे की नाही हे ठरवणारी तपासणी तीच सदोष होती. काहींनी प्रत काढण्यापूर्वी एफसिंक करण्याचा, म्हणजे बदल डिस्कवर पक्के लिहून घेण्याचा, सल्ला दिला. तो ऐकायला पटतो, पण लागू पडत नाही. झेडएफएसमध्ये एफसिंक केले की बदल इंटेंट लॉग या वेगळ्या नोंदवहीत लिहिले जातात, जेणेकरून वीज गेली तरी ते हरवू नयेत. ब्लॉकांचे मूळ झाड मात्र पुढच्या फेरीतच बदलते आणि डीनोड तोवर डर्टीच राहतो. फेरी तिथल्या तिथे करवून घ्यायची तर झेडपूल सिंक ही वेगळी आज्ञा आहे.

हा विषय मी इथल्या काही अभियांत्रिकीच्या मुलांपुढे मांडला तेव्हा एकाने नेमका प्रश्न विचारला. "सर, मंग स्क्रबमध्ये काऊन नाही दिसत हे?" उत्तर असे, की स्क्रबला दिसण्यासारखे त्यात काही नसतेच. चेकसम हा झेडएफएसच्या हाती जे लिहायला दिले त्याचा असतो. सीपीने कोरी फाइल लिहायला सांगितली, झेडएफएसने ती इमानेइतबारे कोरी लिहिली, तिचे चेकसम काढले, मिररच्या दोन्ही डिस्कवर ते नीट ठेवले. दहा वर्षांनी स्क्रब केला तरी ती कोरी फाइल तितकीच निर्दोष कोरी असेल. स्नॅपशॉट, म्हणजे डेटाचे त्या क्षणाचे गोठवलेले रूप, घेतला तर कोऱ्या फाइलचा स्नॅपशॉट मिळेल आणि तो दुसऱ्या यंत्रावर पाठवला तर तिथेही ती विश्वासाने कोरीच पोहोचेल. डिस्क, केबल आणि कंट्रोलर यांच्या बेइमानीपासून चेकसम वाचवतो. त्याच्या वरच्या थरात झालेली गफलत त्याच्या कक्षेत येत नाही.

पॅच बसवल्यावर खरे काम उरले ते जुन्या फाइली तपासण्याचे. छापखान्यातली पद्धत या दोषाला पोषक होती. डिझाइन पक्के झाले की एक स्क्रिप्ट छपाईयोग्य पीडीएफ किंवा टिफ फाइल तयार करी, लगेच तिची प्रत संग्रहाच्या डेटासेटवर (झेडएफएसमधल्या स्वतंत्र विभागावर) टाकी आणि कामाच्या फोल्डरमधली मूळ फाइल पुसून टाकी. म्हणजे ताडून पाहायला मूळ शिल्लकच नाही. अशा वेळी फक्त फाइलच्या पोटात शिरूनच काही कळू शकते. पहिली चाचणी सोपी होती. धड पीडीएफ फाइल टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी सुरू होते, टिफ फाइल दोन आय किंवा दोन एम या अक्षरांनी सुरू होते. सुरुवातीलाच शून्ये असलेली फाइल गेली असे समजावे. संग्रहात तशी एकही निघाली नाही.

मधल्याच भागात भोक पडलेल्या फाइली शोधणे मात्र किचकट होते. लांबलचक शून्ये शोधणारी स्क्रिप्ट चालवली तेव्हा लग्नपत्रिकांच्या टिफ फाइली ढिगाने वर आल्या. छपाईच्या चार रंगांत शून्य म्हणजे शाई नाही, आणि शाई नाही म्हणजे कोरा कागद. तेव्हा पत्रिकेचा पांढरा समास कॉम्प्रेस न केलेल्या टिफमध्ये शून्यांच्याच रूपाने बसलेला असतो. एलएस आणि डीयू यांच्या आकड्यांतला फरकही उपयोगी पडला नाही, कारण डेटासेटवर कॉम्प्रेशन चालू असल्याने तो फरक बहुतेक सगळ्याच फाइलींत होता. शेवटी कसोटी सापडली ती ब्लॉकच्या आकारात. झेडएफएसचा रेकॉर्ड साइज (ब्लॉकचा कमाल आकार) बदललेला नसेल तर मोठ्या फाइली १२८ किलोबाइटच्या ब्लॉकांत असतात, आणि या दोषाने पडलेले भोक ब्लॉकच्या सीमेवरच सुरू होईल आणि ब्लॉकच्या सीमेवर किंवा फाइलच्या अखेरीसच संपेल. पत्रिकेच्या समासाला ही सीमा माहीत नसते, तो कुठेही सुरू होतो. म्हणून १,३१,०७२ ने पूर्ण भाग जाणाऱ्या पत्त्यावर सुरू होऊन तशाच पत्त्यावर किंवा अगदी शेवटी थांबणारी शून्येच वेगळी काढली. जी मोजकी नावे उरली ती छापखान्यातल्या डिझायनरने उघडून, मोठी करून पाहिली आणि सगळी ठीक निघाली. सबंध फाइलभर पांढरी जागा असेल तर योगायोगाने सीमा जुळू शकते, तेवढेच झाले होते.

कंपाइल केलेले प्रोग्राम, व्हर्च्युअल यंत्रांच्या डिस्क प्रतिमा आणि डेटाबेसच्या फाइली यांच्यावर ही कसोटी चालवू नये. त्यांच्यात ब्लॉकच्या सीमेवरची शून्ये अगदी स्वाभाविक असतात आणि निकालातून काही निष्पन्न होत नाही.

छापखान्याच्या स्क्रिप्टमध्ये आता एक पायरी वाढली आहे. मूळ आणि प्रत या दोन्हींचे शा-२५६ (मजकुरावरून काढलेली ठशासारखी खूण) काढून ते जुळल्याशिवाय मूळ पुसले जात नाही. मूळ फाइल इथे साध्या वाचनाने वाचली जाते, भोकांची चौकशी करून नव्हे, त्यामुळे डीनोड डर्टी असला तरी मिळणारा डेटा खरा असतो आणि तुलना विश्वासार्ह ठरते. मोठ्या फ्लेक्सच्या फाइलींना त्याने बराच वेळ लागतो. मालकांनी दोनदा विचारून झाले, "भाऊ, अगोदर तर फाइल पटकन जात होती ना, आता काऊन अडकते?" त्यांच्यासाठी मूळ पुसण्याचे काम रात्रीच्या क्रॉनकडे (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीकडे) दिले आहे, म्हणजे दिवसा छपाई अडत नाही आणि तुलना रात्री निवांत होते. त्यासाठी कामाच्या फोल्डरचा कोटा वाढवावा लागला.